सुयांच्या डब्यावरचा चंदेरी कागद

त्या गुरुवारी सकाळी विजेचा दाब एकाएकी वाढला, माडीवरचे दोन दिवे फुटले आणि ज्योतिबाच्या कॉम्प्युटरातून करपलेल्या तेलासारखा वास आला. मी खाली डाळ निवडत होते. वरून हाक नाही, ओरडणं नाही. माझा मुलगा ओरडला नाही की मी समजते, मोठं काहीतरी बिघडलंय.

नव्याण्णव सालचा डिसेंबर तो. आम्ही चामराजपेटेतले शिंपी. आजेसासरे पलटणीचे कोट शिवायला बंगळुरात आले, तेव्हापासून आमच्या घरात मराठी आणि दारात कन्नड. माझं नाव वसुमती, पण घरात, गल्लीत, मार्केटात मला सगळे अक्काच म्हणतात, पोटचा मुलगासुद्धा. शाळा तिसरीत सुटली. मराठी वाचते, गिचमिड का होईना लिहिते. आकडे मात्र पक्के. तीस वर्षं शाळांचे बिल्ले मी हातानं भरले. दिवा, पुस्तक, हरिण, खाली इंग्रजी अक्षरं. अक्षरांचा अर्थ मला कळत नसे, टाके कळत. एसला एकोणतीस, एमला चौतीस. आजही झोपेतून उठवून विचारा.

चार वर्षांपूर्वी ज्योतिबानं चार मुंडक्यांचं, एका वेळी चार बिल्ले भरणारं भरतकामाचं मशीन आणलं आणि ते चालवायला हा कॉम्प्युटर. माझ्या लाकडी चौकटी माळ्यावर गेल्या. मशीन टेम्पोतून उतरत होतं तेव्हा मी दारात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "आण बाबा. पण हे धूड बंद पडलं ना, की अक्काला विचारायला येऊ नकोस." हे माझं बोलणं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गुरुवारी जो जळला तो हाच कॉम्प्युटर. आणि पुढच्या शनिवारी शाळेचा पन्नासावा वाढदिवस होता. ही शाळा आमची सगळ्यात जुनी. माझे यजमान असल्यापासून तिचा बिल्ला आमच्याच घरातून जातो. पन्नास वर्षांचा खास बिल्ला ठरला होता, मधे सोनेरी हरिण, भोवती वेल, सहाशे नग. शुक्रवारी संध्याकाळी सहाशेच्या सहाशे शाळेत पोचायचे. मशिनीला ते काढायला दोन दिवस लागतात. म्हणजे बुधवारी दुपारी मशीन सुरू व्हायलाच हवं होतं. नाही झालं तर शाळा हातची जाणार हे ज्योतिबाला सांगावं लागलं नाही. शाळेच्या मोठ्या बाईंनी आधीच सुनावलं होतं, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना दर महिन्याला नमुने पाठवतोय म्हणून.

"नवा कॉम्प्युटर आण," मी म्हटलं.

"आणून काय करू, अक्का? भरतकामाचा प्रोग्राम जुना आहे. तो जुन्या सिस्टीमवरच चालतो. नव्या कॉम्प्युटरवर ती सिस्टीम उभीच राहत नाही."

सिस्टीम म्हणजे काय ते मला सिद्धीनं समजावलं. सिद्धी माझी नातसून, पुण्याची. नातू अद्वैत दोन हजार सालाच्या गोंधळाची कामं करायला अमेरिकेत गेला होता. कॉम्प्युटरांना म्हणे शून्य-शून्य साल कळणार नव्हतं. ज्योतिबाची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे घरात बाई माणूस म्हणजे मी आणि ही. कोरमंगल्याला एका कॉम्प्युटर कंपनीत जायची. स्वयंपाकात मीठ कमी टाकायची आणि बोलण्यात त्याहून कमी. मला ती आवडायची, पण तसं मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

"सिस्टीम म्हणजे घरातली अक्का," सिद्धी म्हणाली. "ती असली की बाकीचे कामाला लागतात."

"आणि ती रुसली की?"

"मग सगळं घर बंद."

ज्योतिबा त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

तिनं आठवड्याची रजा टाकली आणि ऑफिसातून आपला कॉम्प्युटर घरी आणला. जळलेल्या पेटीतली तबकडी शाबूत होती. त्यातली सिस्टीम, प्रोग्राम, ज्योतिबाची सगळी चित्रं तिनं उतरून घेतली. मग तिनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात तिनं एक खोटा कॉम्प्युटर उभा केला. त्याला पेटी नाही, वायर नाही. पडद्यावर एक चौकट, आणि त्या चौकटीत आमचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उघडला, तोच निळा रंग, तीच चित्रं. आत बसलेल्या सिस्टीमला वाटावं की आपण आपल्याच घरात आहोत.

"हे काय गं, भूत लागलं म्हणायचं की पोटुशी?"

"भूतच म्हणा, अक्का. पण कामाचं."

शुक्रवारी भुतानं हरिण उघडून दाखवलं. ज्योतिबानं हात जोडले. पण हरिण मशिनीकडे पाठवायला गेलं की पडद्यावर एक करडी पाटी यायची. पाटीवर बारा आकडे आणि खाली रिकामी जागा. सिस्टीमला संशय आला होता. तिला पेटी बदललेली कळली होती. आता हे आकडे सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला कळवायचे, तिथून उत्तराचे आकडे यायचे, ते रिकाम्या जागेत भरायचे, मग सिस्टीम म्हणणार, हं, तुम्ही आमचेच. तोवर काही पाठवायचं नाही.

मुंबईला फोन लागला. विश्वासराव नावाचे एक गृहस्थ होते. आवाज दमलेला, पण मराठी स्वच्छ. म्हणाले, "दोन हजार सालानं आमचा जीव खाल्लाय, ताई. आकडे सांगा, उत्तर उद्या." सिद्धीनं पडद्यावरून आकडे वाचले. मी शेजारी बसून तेच आकडे कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतले. मला कुणी सांगितलं नव्हतं. आकडे कानावर आले की माझा हात आपोआप चालतो.

शनिवारी उत्तर आलं. भरलं. पाटी म्हणाली, चूक. सिद्धीनं पुन्हा फोन केला, पुन्हा आकडे वाचले, पुन्हा मी लिहिले. सोमवारी सकाळी दुसरं उत्तर आलं. तेही चूक.

"कुठेतरी ऐकताना चुकतंय," सिद्धी म्हणाली. डोळे लाल झाले होते तिचे. "एखादा आकडा इकडचा तिकडे."

"अगं, त्यांचं ऐकताना चुकेल, माझं लिहिताना चुकत नाही." मी कॅलेंडरचं पान तिच्यापुढे धरलं. "हे शुक्रवारचं. हे शनिवारचं. आता पडद्यावर आहे ते बघ. पहिले आठ आकडे तिन्ही दिवस तेच. शेवटचे चार दर वेळी वेगळे."

तिनं पान माझ्या हातातून जवळजवळ ओढलंच. पडद्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"अक्का, मी गाढव आहे."

"ते नंतर. आधी काय झालं ते सांग."

झालं होतं असं. सिद्धी जपून काम करणारी. काही बिघडू नये म्हणून रोज सकाळी ती आदल्या दिवसाचा खोटा कॉम्प्युटर पुसून टाकायची आणि मूळ नकलेवरून कोरा नवा उभा करायची. आणि प्रत्येक नव्या खोट्या कॉम्प्युटरला त्याचा स्वतःचा एक वेगळा क्रमांक मिळायचा. सिस्टीम त्या क्रमांकावरूनच शेवटचे चार आकडे काढायची.

"म्हणजे काल ज्या घराचा पत्ता दिलास," मी म्हटलं, "ते घर तू आज सकाळी पाडलंस. पोस्टमन येणार कुठे?"

ती हसली, मग एकदम उठून तिनं माझ्या गालाला गाल लावला. आमच्याकडे असं कुणी करत नाही. ज्योतिबा म्हणाला, "अक्का, तू नसतीस तर आम्ही बसलो असतो महिनाभर." दुपारी मी मार्केटात गेले तेव्हा ही गोष्ट फुलवालीपासून बांगडीवाल्यापर्यंत सांगून आले. खोटं कशाला बोलू?

सिद्धीनं खोट्या कॉम्प्युटरचा क्रमांक आता पक्का बांधून ठेवला आणि तिसऱ्यांदा मुंबईला फोन लावला.

"ताई," विश्वासराव म्हणाले. फोन कानापासून लांब धरलेला होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "चार दिवसांत तिसरा कॉम्प्युटर?"

"तीन नाहीत, एकच आहे," सिद्धी म्हणाली. "आणि तोही खरा नाही."

हे बोलायला नको होतं. ती खरं बोलणारी, तिनं सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "असल्या न दिसणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल आमच्या नियमात काही नाही. तीन वेगवेगळे आकडे मागितलेत म्हणजे आता पुरावा लागेल. तुमच्या पहिल्या पेटीच्या पाठीवर एक चंदेरी कागद चिकटवलेला असेल, त्यावर परवान्याचा क्रमांक. तो वाचा, मी उत्तर देतो. तो नाही तर मी काही करू शकत नाही."

ज्योतिबानं जळलेली पेटी फिरवून उजेडात धरली. पाठीवर कागद नव्हता. चार वर्षांत पिवळट पडलेल्या पत्र्यावर चार बोटं रुंद असा एक पांढरा स्वच्छ चौकोन होता.

"इथे काहीतरी होतं," सिद्धी म्हणाली.

त्या चौकोनाचं माप मी ओळखलं. डोळ्यांनीच नाही, बोटांनी ओळखलं.

ऑक्टोबरात आयुधपूजा झाली. आमच्या बंगळुरात त्या दिवशी रिक्षा, बस, शिलाई मशीन, मार्केटातला तराजू, सगळं धुऊन पुसून त्याला कुंकू लावतात, दारात कोहळा फोडतात. आमच्या घरात हत्यारं मीच धुते. सासूबाईंपासून तो माझा मान. कॉम्प्युटरला पाणी नको असं ज्योतिबा म्हणाला म्हणून मी ओलं फडकं कोमट करून पेटी पुसली. पाठीवर एक कागद चिकटलेला, कडेनं सुटू लागलेला. कुंकवाच्या जागी दुकानदाराचं लेबल कशाला, असं वाटून मी फडकं दाबून धरलं आणि तो अलगद सोडवला. अख्खा निघाला. उन्हात धरला तर हिरवा-जांभळा चमकत होता. टाकवेना. माझ्या सुयांच्या डब्याच्या झाकणाला गंजून भोक पडलं होतं, त्यावर तो बसवला. छान बसला. दोन महिने मी रोज तो डबा हातात घेत होते.

हे सगळं मला क्षणात आठवलं. सांगायला तोंड उघडलं आणि त्या तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"सिद्धी, गेल्या महिन्यात पेटी खालून माडीवर तूच नेलीस ना? घासूनपुसून लख्ख केली होतीस. तेव्हाच गेला असणार कागद."

असं मी का बोलले, ते मला विचारू नका. मी स्वतःला खूप विचारलंय. चार वर्षांपूर्वी दारात उभी राहून जे बोलले होते ते मला दिसत होतं. अक्कानं मुद्दाम केलं, असं सगळे म्हणाले असते. आणि त्याच दिवशी सकाळी माझ्या गालाला कुणीतरी गाल लावला होता.

सिद्धीचा चेहरा उतरला. "हो. मी फडक्याला साबण लावला होता," ती हळू म्हणाली. "कडेनं सुटलेलं काहीतरी होतं का... मला आठवत नाही. कचऱ्यात गेलं असेल का?"

ज्योतिबा तिच्याकडे बघत राहिला. माझा मुलगा वाईट नाही. पण तो म्हणाला, "एवढं शिकून," आणि पुढे बोलला नाही. पुढे बोलला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी संध्याकाळपर्यंत आणि मंगळवारी दिवसभर घर उलटंपालटं झालं. बिलांची पेटी ज्योतिबानं स्वतः तीनदा पाहिली. सिद्धीनं कपाटं, कोनाडे, गाद्यांखालच्या जागा, मशिनीचं खोकं, माळा, सगळं उपसलं. मला उठवून माझी गादीसुद्धा झटकली. मग ती रद्दीवाल्याकडे गेली आणि त्याच्या पोत्यांत हात घालून परत आली, कोपरापर्यंत काळी. "सिक्कलिल्ला," मी तिला शिकवलेल्या कन्नडात तिनं सांगितलं, मिळालं नाही. आणि उगाच हसली.

त्या घरात न शोधलेली एकच जागा होती. माझा सुयांचा डबा माझ्या उशाशी होता. त्याला कुणी हात लावत नाही.

मंगळवारी दुपारी दोघं बाहेर गेल्यावर मी डबा मांडीवर घेतला. बेत केला होता. कागद सोडवायचा आणि पेटीच्या पाठीवर नाही, कारण तिथे सगळ्यांनी पाहिलं होतं, तर पेटीच्या आत, पत्र्याच्या घडीत टाकायचा. मग कुणाला तरी तो मिळाला असता. कुणाचंच काही गेलं नसतं. फडकं कोमट केलं, दाबून धरलं, नखानं कड उचलली.

पहिल्यांदा जो अख्खा आला होता, तो या वेळी आला नाही. गंजानं त्याला खाली धरून ठेवलं होतं. वरची चंदेरी साल माझ्या बोटाला आली, पांढरी डब्यालाच राहिली. निम्मे आकडे माझ्या नखावर, निम्मे झाकणावर. घाबरून मी फडकं काढलं. दोन्ही तुकडे जवळ धरले की क्रमांक वाचता येत होता. पण वेगळे केले की एकाचाही उपयोग नाही.

कागदावर उतरवून घेतले असते मी. इंग्रजी अक्षरं मला काढता येतात, तीस वर्षं भरली आहेत. पण "अक्का, हे कुठे मिळालं?" असं विचारल्यावर काय सांगायचं? बिलांच्या पेटीत? ती ज्योतिबानं पाहिली. कपाटात? ते सिद्धीनं. प्रत्येक जागा माझ्यासमोर शोधून झाली होती. खोटं ठेवायलासुद्धा घरात जागा उरली नव्हती. मी सुटलेली साल डब्याच्या आत सुयांवर ठेवली, झाकण लावलं आणि डबा उशाशी ठेवला.

संध्याकाळी अद्वैतचा अमेरिकेहून फोन आला. सिद्धी जिन्यात बसून बोलत होती. "नाही रे, कुणी काही म्हणत नाही. माझ्याच हातून गेलं ना. नाही, अक्का काही बोलल्या नाहीत."

मी स्वयंपाकघरात उभी होते. भाजी खाली लागत होती, तरी मी हलले नाही.

बुधवार. सकाळी मशीन तसंच. दहा वाजले, अकरा वाजले. ज्योतिबा चार मुंडक्यांपुढे स्टूल टाकून बसला होता. सहाशे कापडी चौकोन कापून ठेवलेले, सोनेरी दोरा भरून ठेवलेला. बारा वाजले तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "मी शाळेत जाऊन सांगून येतो."

"थांबा, मामंजी," सिद्धी म्हणाली. ती माळ्यावरून उतरत होती. हातात माझी जुनी लाकडी चौकट होती, धुळीनं भरलेली. "अक्कांनी तीस वर्षं हातानं केले ना? त्यांनी मला दाखवलं तर मी करीन. गल्लीतल्या बायकांना बोलवू. साठ होतील, सत्तर होतील. काहीच नाही असं तरी नको." तिनं चौकट माझ्यापुढे ठेवली, पदर खोचला आणि खाली बसली. "अक्का, सुया कुठे आहेत तुमच्या?"

मी पदरानं चौकटीवरची धूळ पुसू लागले.

"उशाशी असतात ना? मी आणते."

ती उठली. मी म्हणाले, "बस." जरा जोरातच. ती बसली. मी स्वतः आत गेले, डबा उचलला आणि आणून तिच्या हातात ठेवला. दुसरं काही येत नव्हतं मला. तोंडानं आधीच एकदा घात केला होता, म्हणून या वेळी हातानं सांगितलं.

तिनं झाकणाकडे पाहिलं. पांढऱ्या कागदावरचे अर्धे आकडे. मग झाकण उघडलं. सुयांवर चंदेरी साल. तिनं ती बोटाच्या टोकावर घेतली, झाकणावर ठेवली, सरकवली, जुळवली. सगळं इतकं हळू की मला वाटलं ती आता ओरडेल तर बरं.

"आयुधपूजेला?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि सोमवारी तुम्हांला माहीत होतं?"

"हो."

ज्योतिबा दारात चपला घालून उभा होता. त्यानं चपला काढल्या नाहीत. म्हणाला, "अक्का, तुला ते मशीन नकोच होतं."

हे वाक्य ऐकू नये म्हणून मी दोन दिवस सगळं केलं होतं. आणि ते कानावर आलंच. नकोच होतं, हे खरं. मुद्दाम काढला नाही, हेही खरं. पण कागद हातात आल्यावर विचारायला हवं होतं, हे काय आहे म्हणून. ज्योतिबाचं दुसरं काही असतं तर मी विचारलं असतं. मशिनीचं होतं म्हणून विचारलं नाही. एवढं तरी मला मान्य करावं लागेल.

सिद्धीनं फोन लावला. झाकण गुडघ्यावर धरून तिनं क्रमांक वाचला, एकेक अक्षर. विश्वासराव म्हणाले, "फाटका आहे म्हणता? मग साहेबांची सही लागेल. आणि कुणी काढला हेही लिहून घ्यावं लागतं."

सिद्धी झाकणाची कड बोटानं चाचपत राहिली. तिला माझं नाव सांगायचं नव्हतं, की स्वतःचं सांगायचा कंटाळा आला होता, कोण जाणे. मी तिच्या हातातून फोन घेतला.

"मी काढला," मी म्हटलं. "वसुमती. वय बहात्तर. मशिनीला कुंकू लावायला पुसत होते. लिहा."

"आजी, तसं काही नाही, औपचारिक..."

"औपचारिक असलं तरी लिहा. नातसुनेनं काढला नाही हेही लिहा."

"बरं. पण उत्तर उद्या, आजी. साहेब आज गेले."

"आज संध्याकाळपर्यंत नाही?"

"साहेब गेले ना, आजी."

सोमवारी दुपारी कागद अख्खा होता, साहेबांची सही लागलीच नसती. ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

गुरुवारी साडेअकराला उत्तर आलं. सिद्धीनं बारा आकडे भरले. करडी पाटी गेली, ती पुन्हा दिसली नाही. खोट्या कॉम्प्युटरातून हरिण निघालं, वायरीतून मशिनीकडे गेलं आणि चार मुंडकी एकदम खाली वाकली. चार वर्षं मी त्या आवाजाला शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी तो ऐकत मी जिन्यात बसून राहिले.

शुक्रवारी दुपारी तीन तास वीज गेली. संध्याकाळी पाचपर्यंत तीनशे ऐंशी झाले. ज्योतिबानं ते कापडात बांधले आणि रिक्षानं शाळेत नेले. तासाभरात परत आला, गाठोडं तसंच.

"मोठ्या बाई म्हणाल्या, चांगले झालेत. पण अर्ध्या मुलांच्या छातीवर बिल्ला आणि अर्ध्यांच्या नाही, असं त्यांना चालणार नाही. उद्या कुणालाच लावणार नाहीत." त्यानं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं. "जूनपासूनचं काम त्यांनी त्या कारखान्याला दिलं. कालच."

सिद्धीनं त्याला पाणी दिलं. मीही उठले होते पाणी द्यायला, पण ती आधी पोचली.

ते गाठोडं आता माळ्यावर माझ्या चौकटींशेजारी आहे. मशीन चालतं. दुसऱ्या शाळा आहेत, हॉटेलांच्या वेटरांचे खिसे आहेत. ज्योतिबा माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, फक्त मशिनीबद्दल बोलत नाही.

जानेवारीत मी एक काम केलं. हातभर पांढरं कापड घेतलं, चौकटीवर ताणलं आणि तो परवान्याचा क्रमांक लाल रेशमानं भरला. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, एकही टाका उसवू नये अशी. आठ दिवस लागले, डोळे आता साथ देत नाहीत. सिद्धीला दाखवलं. तिनं डब्याचं झाकण आणलं, एकेक अक्षर ताडून पाहिलं, मग पुन्हा एकदा शेवटपासून पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि ते कापड तिनंच कॉम्प्युटरवर खिळ्याला टांगलं.

ती मला अजून अक्काच म्हणते. स्वयंपाकात मीठ अजून कमीच टाकते. पण कापड टांगून झाल्यावर ती फडकं घेऊन पेटीजवळ गेली, थांबली, आणि मान वळवून म्हणाली, "अक्का, हे पुसू का? विचारलेलं बरं."

आवाजात राग नव्हता. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीला विचारते.